'मूळ अर्थ तसा नव्हता' : एका सबबीची उलटतपासणी

जून २०२०. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. वेस्ट इंडीजला दोन टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी याने त्याच दिवसांत जाहीरपणे एक गोष्ट सांगितली. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळत असताना त्याला आणि श्रीलंकेच्या तिसारा परेराला 'काळू' म्हणून हाक मारली जाई. शब्दाचा अर्थ 'बलदंड घोडा' असा काहीसा असावा, या समजुतीने सॅमी त्या हाकेला हसत ओ देत राहिला. खरा अर्थ त्याला कित्येक वर्षांनी कळला. त्या खोलीत तो ठाऊक नसलेली माणसे कोण होती, हे सांगायला नको.

पुढे एका जुन्या सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर 'ते प्रेमापोटी होते' असे सांगून सॅमीने विषय मिटवला. तो त्याने मिटवला, हे त्याचे औदार्य. आपल्याकडे मात्र निकाल आधीच लागला होता. काळू हे तर लाडाचे नाव. काळू-बाळूंचा तमाशा महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. मांढरदेवीची काळूबाई आहे. खुद्द पंढरीचा राणा काळा. मग शब्दात वाईट ते काय?

अशा वेळी बचावासाठी दोन साक्षीदार हमखास उभे केले जातात. पहिला हेतू : 'मनात तसे नव्हते.' दुसरा व्युत्पत्ती : 'मूळ अर्थ तसा नव्हता.' पहिल्याची तपासणी ज्याच्या त्याच्या विवेकाने करावी. दुसरा साक्षीदार इतिहासाचा अंगरखा घालून येतो, त्यामुळे त्याची उलटतपासणी इतिहासाची आवड असणाऱ्यांच्याच गळ्यात पडते. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तिथे दोन शब्द शेजारी शेजारी वाढले. एक आफ्रिकी माणसासाठी, दुसरा भारतीयासाठी. एक भारतीयांनी अंगावर झेलला, दुसरा भारतीयांनीच दुसऱ्याच्या अंगावर फेकला.

(दक्षिण आफ्रिकेत पहिला शब्द आज पूर्ण उच्चारत नाहीत, नुसते 'के-शब्द' म्हणतात. या धाग्यात तो पुरावा म्हणून येतो, तेवढ्यापुरताच.)

'काफिर' हा शब्द अरबी. धातूचा अर्थ झाकणे. सत्य झाकतो, नाकारतो तो काफिर. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांनी तो इस्लाम न मानणाऱ्या आफ्रिकी लोकांना लावला. पोर्तुगीजांनी त्याचा 'काफ्रे' केला. डचांनी आणि इंग्रजांनी तो केपच्या मुलखात रुजवला. तिथवर पोहोचता पोहोचता धर्माचा संबंध गळून पडला होता. एखाद्या झोसा माणसाने बाप्तिस्मा घेतला, रविवारी चर्चमध्ये जाऊ लागला, तरी त्याच्यावरचा 'काफर' सुटत नसे. व्युत्पत्तीचा आधार घ्यायचाच तर तो इथेच तुटतो.

आणि मग त्या शब्दाचा संसार वाढला. १७७९ ते १८७९ या शंभर वर्षांत झोसा लोकांच्या जमिनीसाठी नऊ युद्धे झाली. इंग्रजी ग्रंथांत त्यांचे नाव 'काफर वॉर्स'. १८४७ मध्ये जिंकलेल्या टापूला नाव मिळाले 'ब्रिटिश काफ्रारिया'. १८९९ मध्ये लवडेलच्या मिशनरी छापखान्यातून झोसा भाषेचा मोठा कोश निघाला, त्यावर भाषेचे नाव 'काफर' असेच होते. तो कोश रचणाऱ्याच्या मनात तुच्छता नव्हती, हे मान्य करायला हरकत नाही. पण त्याच दशकात लंडनच्या शेअर बाजारात ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींच्या समभागांनाही दलाल 'काफर्स' म्हणत होते. माणूस, मुलूख, भाषा, युद्ध आणि समभाग, सगळ्यांना एकच नाव. ज्याचे सर्वस्व ताब्यात घ्यायचे होते त्याला ते दिले गेले, आणि त्याला विचारून दिले गेले नाही.

शब्दाचा अर्थ त्याच्या धातूत शोधणारे लोक या शंभर वर्षांवरून थेट उडी मारून सातव्या शतकातल्या अरबस्तानात उतरतात. याला इतिहास म्हणत नाहीत. इतिहासाचा जो भाग अडचणीचा आहे तेवढाच वगळण्याची ही युक्ती आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयांनी ही युक्ती ओळखली. तिथल्या कर खात्यातील एका गोऱ्या कर्मचाऱ्याने २००७ मध्ये आपल्या कृष्णवर्णीय वरिष्ठाला उद्देशून तो शब्द वापरला. लवादाने त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. प्रकरण वर चढत चढत संविधान न्यायालयात पोहोचले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी सरन्यायाधीश मोगोएंग मोगोएंग यांच्या निकालपत्राने तो आदेश रद्द झाला. त्या निकालात शब्दाचा इतिहास सविस्तर आला आहे, आणि तो व्युत्पत्तीपासून सुरू होत नाही. ज्यांना तो ऐकवला गेला त्यांच्या आयुष्यापासून सुरू होतो. त्याच वर्षी जोहान्सबर्गमध्ये एका बाईने, तिच्याच मदतीला आलेल्या पोलिसांवर त्या शब्दाचा मारा केला. न्यायालयात मोजदाद झाली : ४८ वेळा. २०१८ मध्ये तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले एक वर्ष स्थगित.

पण अधिक विचार करायला लावणारा खटला त्याच वर्षीचा दुसरा आहे. रुस्टेनबर्गच्या प्लॅटिनम खाणीत वाहनतळाच्या जागेवरून कुरबूर झाली आणि एक गोरा कर्मचारी एका सहकाऱ्याचा उल्लेख 'स्वार्ट मान' असा करून बोलला. आफ्रिकान्समध्ये त्याचा अर्थ केवळ 'काळा माणूस'. शब्दकोशात त्याहून निरुपद्रवी शब्दजोडी सापडणे कठीण. खालच्या न्यायालयाला त्यात गैर काही दिसले नाही. संविधान न्यायालयाने मात्र विचारले : ज्या देशात वर्णद्वेषी राजवटीचा इतिहास आहे, तिथे भांडणाच्या भरात, माणसाचे नाव बाजूला सारून त्याचा रंग पुढे केला, तर तो शब्द निरुपद्रवी आहे असे गृहीत धरूनच का सुरुवात करायची? 'काळू'चे समर्थक या प्रश्नाशी फार वेळ थांबत नाहीत. विठोबाला काळा म्हणणारा वारकरी त्याच्या पायावर डोके ठेवत असतो. ती हाक वर पाहून दिलेली आहे.

आता विरोधी पक्षाची सर्वांत बळकट बाजू. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. श्रीलंकेत पुत्तलमजवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांची एक छोटी वसाहत आहे. पोर्तुगीज काळात तिकडे नेलेल्यांचे हे वंशज स्वतःला 'काफिर' म्हणवतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. गोव्यात घरोघरी 'काफ्रियाल' शिजते. नावातच काफ्रे आहे, कारण ही पाककृती पोर्तुगीजांच्या आफ्रिकी वसाहतींकडून आलेली. दुसरा शब्द घ्या, 'कुली'. तमिळमध्ये त्याचा अर्थ मजुरी, कष्टाचे दाम; काही अभ्यासक त्याचे नाते 'कोळी' या जातिनामाशीही जोडतात. मुंबईच्या रेल्वे फलाटावर तो पिढ्यान्‌पिढ्या व्यवसायाचे नाव म्हणून चालला. १९८३ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटात दंडावर बिल्ला बांधलेला अमिताभ बच्चन नायक होता. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभू यांनी 'कुली'ऐवजी 'सहायक' म्हणावे असे जाहीर केले, तेव्हा फलाटावरच्या पुष्कळांना ही उठाठेव कशाला असेच वाटले.

म्हणजे शब्द जागेनुसार बदलतो. बरोबर. पण हा युक्तिवाद करणाऱ्याच्या लक्षात येत नाही की, याच वाक्याने त्याने आपला साक्षीदार गमावला. अर्थ जागेवर ठरत असेल, तर तो धातूवर ठरत नाही. आणि जागेवर काय घडले हे सांगण्याचे काम इतिहासाचे आहे. डर्बनमध्ये काय घडले ते पाहू.

१६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' जहाज डर्बनच्या बंदरात लागले. त्यात ३४२ माणसे होती. १९११ पर्यंत अशी १,५२,१८४ माणसे नाताळ वसाहतीत उतरली, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग. प्रत्येकाला एक क्रमांक, आणि क्रमांकाशेजारी नोंदवहीत बापाचे नाव, गाव, जात, अंगावरची खूण. आज त्यांचे वंशज पूर्वज शोधतात ते त्याच क्रमांकांवरून. त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम होते 'कुली एजंट'. छळाच्या तक्रारी झाल्या, १८७२ मध्ये चौकशी आयोग बसला, आणि त्यानंतर पदनाम बदलून 'भारतीय स्थलांतरितांचा संरक्षक' असे झाले. पदनाम बदलले, मळेवाल्यांच्या तोंडातला शब्द बदलला नाही.

उलट तो मळ्याबाहेर पसरला. स्वखर्चाने आलेला गुजराती व्यापारी 'कुली मर्चंट' झाला, १८९३ मध्ये आलेला तरुण वकील मोहनदास गांधी 'कुली बॅरिस्टर' झाला. मजुरी न करणाऱ्या माणसाला मजुराचे नाव! इथे शब्दाने कष्टाशी असलेले नाते तोडले आणि चामडीशी जोडले. ट्रान्सव्हालच्या बोअर प्रजासत्ताकाने तर तो कायद्यातच लिहिला. १८८५ चा तिसरा कायदा आशियातील मूळ वंशांविषयी होता, आणि त्यांत 'तथाकथित कुली', अरब, मलायी आणि तुर्की साम्राज्यातील मुस्लिम प्रजा अशी यादी होती. या लोकांना नागरिकत्व नाही, ठरवून दिलेल्या वस्त्यांबाहेर स्थावर मालमत्ता नाही. अशा वस्तीला जोहान्सबर्गमध्ये 'कुली लोकेशन' म्हणत. १९०४ च्या मार्चमध्ये तिथे प्लेग निघाला. नगरपालिकेने रहिवाशांना क्लिपस्प्रुटला हलवले आणि वस्ती पेटवून दिली. 'कुली म्हणजे मजुरी हो, चांगला शब्द आहे' हे वाक्य त्या आगीसमोर उभे राहून कोणी उच्चारले असते, तर त्याला व्युत्पत्तिशास्त्रज्ञ म्हणून कोणी गौरवले नसते.

इथपर्यंत भारतीय वाचकाच्या मनात संताप असतो, आणि तो योग्यच आहे. पुढचे पान त्याला आवडत नाही.

२६ सप्टेंबर १८९६. मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली जाहीर सभा. आफ्रिकेहून आलेल्या गांधींचा आवाज सभागृहात पोहोचेना. केशवराव देशपांडे ते भाषण वाचायला उभे राहिले, पण श्रोत्यांनी 'वाच्छा, वाच्छा' असा गिल्ला केला, आणि अखेर दिनशा वाच्छांनी ते वाचून दाखवले. (हा तपशील गांधींच्याच आत्मकथेत आहे.) भाषणाचा विषय होता नाताळमधील भारतीयांची अप्रतिष्ठा. आणि त्या अप्रतिष्ठेचे माप म्हणून वापरला होता तोच दुसरा शब्द. तक्रार अशी की गोरे लोक भारतीयांना रानटी 'काफरा'च्या पातळीवर आणू पाहतात. आणि त्या काफराचे वर्णन असे, की शिकार हा त्याचा धंदा, गुरे जमवून बायको मिळवणे ही त्याची महत्त्वाकांक्षा, आणि मग आळसात आयुष्य काढणे हे त्याचे सुख. मुंबईच्या त्या सुशिक्षित सभेत या वाक्याला कोणी हरकत घेतल्याची नोंद नाही.

'कुली' या शब्दाने काय होते हे ज्याला अंगावरच्या वळाइतके ठाऊक होते, त्याला 'काफर' शब्दाने काय होते हे दिसले नाही. १९०४ मध्येही, प्लेगच्या महिनाभर आधी, गांधींनी जोहान्सबर्गच्या आरोग्याधिकाऱ्याला पत्र लिहून विचारले होते की, भारतीयांच्याच वस्तीत शहरातल्या काफरांना आणून का टाकता? मग आग लागली तेव्हा तिने शब्दांप्रमाणे घरे वेगळी केली नाहीत.

याच्या समर्थनार्थ 'त्या काळी सगळेच तसे म्हणत' असे सांगितले जाते. हे अर्धसत्य फार आरामदायी आहे. त्या सभेच्या तेवीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिली, आणि ती अर्पण केली निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. फुले कधी आफ्रिकेत गेले नव्हते, अमेरिकेत गेले नव्हते. त्यांनी वापरलेला 'निग्रो' हा शब्दही आज मागे पडला आहे. पण त्यांनी आफ्रिकी वंशाच्या माणसाकडे पाहिले ते शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा सोबती म्हणून. आपली उंची मोजण्यासाठी खाली दाखवायचे माप म्हणून त्यांनी त्याला उभे केले नाही. तेव्हा 'त्या काळी सगळेच' यातले 'सगळे' कोण, हे आधी ठरवावे लागेल. त्या काळच्या सभेत कोण बसले होते, आणि त्या काळचे कोण सभेबाहेर होते?

गांधी बदलले, हेही तितकेच खरे. नाताळमध्ये त्यांच्या फिनिक्स आश्रमापासून जवळच जॉन ड्युबे यांची शाळा होती; १९०३ मध्ये ड्युबेंनी 'इलांगा' काढले, त्याच वर्षी 'इंडियन ओपिनियन' निघाले. १९०५ मध्ये गांधींनी ड्युबेंचे कौतुक लिहिले. मे १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या एका भाषणात त्यांनी निरनिराळे वंश एकमेकांत मिसळलेली भावी संस्कृती कल्पिली. हा बदल झाला म्हणूनच जुने शब्द झाकण्याची गरज नाही. २०१६ मध्ये घानाच्या विद्यापीठातील प्राध्यापकांनी तिथला गांधी पुतळा हटवण्याची मागणी केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो हटला, तेव्हा इकडे एकच सूर होता : कृतघ्नपणा. पुतळा हटवणे योग्य होते का, यावर मतभेद होऊ शकतो. पण आक्राच्या विद्यार्थ्याने १८९६ चे भाषण वाचले होते आणि त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते वाचले नव्हते, हा मतभेदाचा मुद्दा नाही.

आणखी एक युक्तिवाद उरतो, 'शब्द बदलून काय होते?' याला दक्षिण आफ्रिकेनेच सर्वांत बोचरा पुरावा पुरवला आहे. सरकारी कागदांवर 'नेटिव्ह' आले, मग 'बांटू' आले, मग 'ब्लॅक'. १९५२ मध्ये एक कायदा झाला, त्याच्या नावातच 'पास रद्द करणे' असे शब्द होते. त्या कायद्याने प्रत्येक प्रौढ आफ्रिकी माणसाच्या खिशात पासाचे पुस्तक सक्तीचे केले. म्हणजे सभ्य शब्दाआड तेच काम चालते, हे कबूल. पण सभ्य शब्दाने अन्याय झाकता येतो, यावरून असभ्य शब्द निरागस आहे हे कसे सिद्ध होते?

हे सारे युरोपीयांचे पाप, आपण फक्त त्यांचे अनुकरण केले, असे समाधानही दख्खनच्या इतिहासात मिळत नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र धूळ चारली, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत त्याचे नाव लिहितो ते काळेपणाची शिवी चिकटवल्याशिवाय क्वचितच. बादशहाने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्रही काढून घेतले : जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने मेला. रणात जे जमले नाही ते रंगाने आणि शब्दाने साधायचे, ही रीत शिकण्यासाठी कोणत्याही युरोपीयाची वाट पाहावी लागली नव्हती.

'हबशी' हा शब्द मुळात फक्त देशवाचक, हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया. 'सिद्दी' तर आदरवाचक उपाधीतून आलेला मानतात. मराठी बोलण्यात 'हबशासारखा' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर अंबरची महसूलव्यवस्था येते? ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून माकडाचे हावभाव करणाऱ्यांना अंबर, जंजिरा, काही माहीत असण्याची गरज पडली नाही. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याचे देशबांधव रस्त्यावर उतरले, आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली.

उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळकडच्या जंगलांत सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून निसटलेले. घरात ते कोकणी बोलतात. १९८७ च्या सुमारास भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्यांच्या मुलामुलींना धावपटू करण्यासाठी एक योजना काढली. तिच्यामागचा तर्क असा होता की, यांच्या अंगात आफ्रिकी रक्त आहे, म्हणजे ही मुले धावणारच. सॅमीने 'काळू'चा जो अर्थ लावला होता, तोच अर्थ इथे सरकारी योजनेत उतरला होता. मुले धावली, काहींनी पदके आणली. १९९३ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि त्यातली बरीच मुले गावी परतली. शहरात फिरताना त्यांना अजूनही विचारतात, 'कुठल्या देशाचे?' उत्तर कोकणीत येते.